मेलवरून माहिती मागवून डेटाबेसात भरायची कशी, पहिल्या पायरीपासून

बऱ्याच ऑफिसात अजून हे असंच चालतं. सगळ्या सप्लायरना एक मेल जातो, "आपली अद्ययावत माहिती पाठवावी ही विनंती", मग उत्तरं यायला लागतात, कोणी मेलमध्येच चार ओळी लिहितं, कोणी एक्सेल जोडतं, कोणी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून पाठवतं, आणि ऑफिसातलं कोणीतरी एकजण दोन-दोन आठवडे मान मोडून ते सगळं कॉपी-पेस्ट करत बसतं. मी हे काम हाताने पण केलंय आणि नंतर त्याची सिस्टीम पण बसवलीये, म्हणून खाली सगळं क्रमाने सांगतो. थोडं लांबेल, पण मधल्या पायऱ्या गाळू नका, घोळ होतो तो मधल्या पायऱ्यांवरच.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आलेलं उत्तर थेट मेन टेबलात कधीही जाऊ द्यायचं नाही. आधी ते एका वेगळ्या टेबलात जसं आलं तसं, एक अक्षर न बदलता ठेवायचं, तपासायचं आणि मगच पुढे न्यायचं. या वेगळ्या टेबलाला मी पुढे कच्चं टेबल म्हणतो.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा उत्तर आलं की मेन टेबलातली ओळ अपडेट, असा सरळ कारभार ठेवला होता. एका सप्लायरने फॉर्म पूर्ण भरला, आठवड्याने त्याच्या लक्षात आलं की फोन नंबर चुकलाय, त्याने फॉर्म परत उघडला, आपला सप्लायर कोड आणि नवीन नंबर भरला, बाकी सगळं रिकामं ठेवलं आणि पाठवून दिला. त्याच्या बाजूने यात काहीच चूक नव्हती. पण माझ्या स्क्रिप्टने (हे काम करणारा छोटा प्रोग्रॅम) त्याचा पत्ता, कॉन्टॅक्ट पर्सन, पेमेंटची मुदत सगळं पुसून तिथे रिकामी जागा भरली. कळलं कधी, तर खराब माल परत पाठवायचा होता तेव्हा लेबलवर पत्त्याच्या जागी नुसता कोरा कागद छापून आला. मग शोधलं तर असे अजून बरेच निघाले. त्यांचं मूळ उत्तर कुठेच जपून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे एकेकाला फोन करून तीच माहिती परत विचारावी लागली, आणि एकदा दिलेली माहिती परत मागताना समोरच्याचा आवाज कसा बदलतो ते तेव्हा ऐकलं.

कुठल्या रस्त्याने जायचं

मेलमधून डेटाबेसात माहिती आणायचे मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला जुना, मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमचा, म्हणजे अ‍ॅक्सेसचा. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेस २००७ मध्ये एक विझार्ड दिला होता, टेबल निवडायचं, त्यातले कॉलम निवडायचे, की आउटलुकमधून फॉर्मवाला मेल जायचा आणि उत्तर आलं की ते टेबलात पडायचं. उत्तरं आउटलुकमध्ये वेगळ्या फोल्डरला जमा व्हायची, आपोआप टेबलात भरायची की आपण बघून भरायची हे पण ठरवता यायचं. कल्पना खूप चांगली होती. पण तो फॉर्म म्हणजे खरं तर मेलच्या मजकुरातच आखलेले चौकोन होते, समोरच्याने रिप्लाय दाबून त्या चौकोनातच लिहायचं, बाहेर काही हलवायचं नाही. कोणी चौकोनाची चौकट मोडली की ते उत्तर अडकायचं. अ‍ॅक्सेस २०१३ मध्ये ही सोय काढूनच टाकली. कोणाकडे २००७ किंवा २०१० वर हे अजून चालू असेल तर नवीन व्हर्जनवर जायच्या आधी पर्याय उभा करा, कारण अपग्रेड केल्यावर ते बटण सापडणार नाही.

दुसरा रस्ता, मेलमध्ये फॉर्मची लिंक. गुगल फॉर्म्स, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स किंवा स्वतःच्या सर्व्हरवरचा फॉर्म. दहातल्या नऊ कामांना मी हाच सांगेन. लिंक देण्याऐवजी फॉर्मच मेलच्या आत टाकायचा मोह होतो, पण विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय आणि त्यात भरायचे रकाने, बटणं चालत नाहीत. गुगलने २०१९ मध्ये मेलच्या आतच भरता येणारे एएमपी मेल आणले, पण ते सगळ्या मेल प्रोग्रॅममध्ये दिसत नाहीत, आणि तुमचे सप्लायर कुठला प्रोग्रॅम वापरतात हे काही तुमच्या हातात नाही. लिंक सगळीकडे उघडते.

तिसरा रस्ता, ठरलेल्या साच्यातला साधा मेल. मेलमध्येच "नाव:", "फोन:", "पत्ता:" अशा ओळी देऊन ठेवायच्या, समोरचा रिप्लाय करून पुढे लिहितो आणि स्क्रिप्ट ते वाचून घेते. काही लोक लिंक उघडतच नाहीत, त्यांच्या ऑफिसात बाहेरच्या लिंक बंद असतात किंवा सरळ भीती वाटते, आणि ती भीती रास्त आहे. अशांसाठी हा रस्ता हाताशी असावा.

मी दुसरा मुख्य ठेवतो आणि तिसरा सोबतीला. दोन्हीकडून येणारं शेवटी त्याच कच्च्या टेबलात पडतं, त्यामुळे पुढचं काम एकच राहतं.

पायरी १: आधी कागद

कॉम्प्युटर उघडायच्या आधी एका कागदावर कॉलमची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की ही माहिती कोण वापरणार आणि कशासाठी. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो कॉलम काढून टाका, "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेले रकाने लोक अर्धवट भरतात आणि त्यांच्यामुळे बाकीचा फॉर्म पण कंटाळून सोडून देतात. मी पहिल्या यादीत छत्तीस रकाने लिहिले होते, शेवटी चौदा राहिले आणि कामाचं काहीच अडलं नाही.

मग प्रत्येक कॉलमचा प्रकार. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा, ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते आकडे दिसले तरी मजकूर आहे. फोन नंबर, पिनकोड, अकाउंट नंबर, रजिस्ट्रेशन नंबर, सगळं मजकूर. नंबर म्हणून ठेवलं की सुरुवातीचा शून्य जातो. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये इंटिजर (पूर्ण संख्येच्या) कॉलमला "०१२३" इंग्रजी आकड्यात दिलं तर आत १२३ जातं, कुठलीही तक्रार न करता. एक्सेलचं अजून वाईट, ते फक्त १५ अंकांपर्यंतच नीट धरतं, सोळा अंकी नंबर असला तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो आणि बघणाऱ्याला कळत पण नाही.

तारीख तर फारच नाजूक. ०३/०४ म्हणजे एकाला तीन एप्रिल, दुसऱ्याला चार मार्च. डेटाबेसात नेहमी वर्ष-महिना-दिवस असं ठेवा, आयएसओ ८६०१ म्हणतात ते हेच, आणि फॉर्मवर कॅलेंडरमधूनच तारीख निवडायला लावा.

पायरी २: तीन टेबलं

डेटाबेस कुठला, यावर लोक खूप वेळ घालवतात. काही शे, काही हजार नोंदी असतील आणि एकाच मशीनवर काम असेल तर एसक्यूलाइट पुरे, एकच फाइल असते, फुकट आहे, कॉपी केली की बॅकअप झाला (फक्त स्क्रिप्ट लिहीत असताना कॉपी करू नका). चार जण एकाच वेळी लिहिणार असतील तर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल घ्या. मायएसक्यूएल घेतलं तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) "यूटीएफ८एमबी४" ठेवा, जुनं नुसतं "यूटीएफ८" तीन बाइटपर्यंतच जातं, देवनागरी अक्षर तीन बाइटचं असल्याने त्यात बसतं पण कोणी इमोजी टाकला की तिथे अडतं.

फक्त एक्सेलवर भागवू नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस आकडेवारीतून गळाल्या होत्या, कारण लॅबकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे, पुढचं नुसतं कापलं गेलं. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काही जीन्सची नावं बदलली कारण एक्सेल "मार्च१", "सेप्ट१" अशा नावांच्या तारखा करून टाकत होतं. एक्सेल बघायला, छापायला उत्तम आहे, पण त्यात माहिती साठवून तिच्यावर विसंबायचं म्हटलं की अशी गळती होते आणि ती आवाज करत नाही.

आता टेबलं. पहिलं "सप्लायर", हे मेन. यात प्रत्येकाला आपला एक कोड, नाव, पत्ता वगैरे ठरलेले चौदा कॉलम, आणि "शेवटचा बदल कधी".

दुसरं "पाठवलेले". कोणाला, कुठल्या पत्त्यावर, कधी मेल गेला, आणि त्याला दिलेली खूण. ही खूण म्हणजे दहा-बारा अक्षरांचा आडवातिडवा शब्द, प्रत्येकाला वेगळा. सप्लायर कोडच का नाही वापरायचा, तर ते कोड ओळीने असतात, एकशे बारावाला सहज एकशे तेरा टाकून दुसऱ्याची माहिती बदलू शकतो. चुकून पण होतं हे.

तिसरं "आलेली उत्तरं", तेच कच्चं टेबल. यात सगळे कॉलम मजकूर प्रकारचे, काहीही आलं तरी मावलं पाहिजे. सोबत खूण, कधी आलं, कुठून आलं (फॉर्म की मेल), मेल असेल तर त्याचा मेसेज आयडी (प्रत्येक मेलला आपोआप मिळणारी वेगळी ओळख), पूर्ण मूळ मजकूर, आणि एक "स्थिती" कॉलम: नवीन, तपासलं, भरलं, अडकलं. मेसेज आयडीवर युनिक बंधन घाला म्हणजे स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तरी तोच मेल दोनदा शिरणार नाही.

पायरी ३: फॉर्म

जिथे पर्याय ठरलेले आहेत तिथे मोकळा रकाना देऊ नका. "पेमेंट मुदत" मोकळी ठेवली होती तेव्हा "३० दिवस", "तीस", "एक महिना", "बिलानंतर ३०", "नेहमीप्रमाणे" अशी उत्तरं आली होती. ड्रॉपडाऊन दिला की प्रश्न मिटला. पण शेवटी "इतर" ठेवा, नाहीतर ज्याचं उत्तर यादीत नाही तो खोटंच काहीतरी निवडून पुढे जातो.

सक्तीचे रकाने कमीत कमी. सक्ती केली की लोक टिंब टाकतात, शून्य टाकतात, "एबीसी" टाकतात, आणि रिकाम्या जागेपेक्षा खोटी माहिती शोधून काढणं कितीतरी अवघड.

रिकामं सोडणं म्हणजे काय, हे फॉर्मवरच लिहा: "ज्यात बदल नाही ते रिकामं ठेवा". आणि एखादी गोष्ट खरंच काढायची असेल, म्हणजे दुसरा फोन बंद झालाय वगैरे, तर त्याच्यासाठी वेगळी टिक द्या. माझा तो पत्त्यांचा घोळ या एका ओळीने आणि एका टिकने टळला असता.

गुगल फॉर्म्स वापरत असाल तर त्यात आधीच भरलेली लिंक बनवायची सोय आहे, एकदा नमुना म्हणून भरून लिंक घ्यायची, मग त्या लिंकमधली नमुन्याची खूण काढून प्रत्येकाची आपापली टाकायची, हे मेल मर्जमध्ये (यादीवरून प्रत्येकाला त्याचा वेगळा मेल पाठवायची सोय) सहज होतं. पण तो रकाना भरणाऱ्याला दिसतो आणि बदलता पण येतो हे लक्षात असू द्या, म्हणूनच खूण अंदाज न लागणारी हवी. फाइल मागवायची असेल, सर्टिफिकेटची कॉपी वगैरे, तर गुगल फॉर्मला समोरच्याचं गुगल अकाउंट लागतं, सगळ्यांकडे ते लॉगिन नसतं, तेव्हा फाइल मेललाच जोडायला सांगितलेली बरी.

आणि फॉर्म एकदा पाठवला की प्रश्नांची नावं, क्रम बदलू नका. अगदीच बदलावं लागलं तर नवीन फॉर्म करा.

पायरी ४: मेल पाठवणं

सगळ्यांना एकच मेल बीसीसीमध्ये टाकून पाठवू नका, प्रत्येकाची लिंक वेगळी आहे त्यामुळे मेल मर्जच लागणार. साध्या जीमेल अकाउंटवरून दिवसाला ५०० च्या आसपास मर्यादा आहे, जास्त असतील तर दोन-तीन दिवसात वाटून पाठवा. कंपनीच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या) केलेल्या आहेत ना ते आयटीवाल्याला विचारा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय, पण थोडे पाठवणाऱ्यांचे मेल पण या नोंदी नसल्या की स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते.

मेलचा मजकूर छोटा ठेवा. कोण मागतंय, कशासाठी, किती वेळ लागेल, कधीपर्यंत, आणि शंका असेल तर कोणाला फोन करायचा. यातला शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण अनोळखी लिंकवर माहिती भरू नये हे आता सगळ्यांना माहिती झालंय, त्यांना खात्री करून घ्यायला माणूस हवा. शक्य असेल तर नेहमी ज्याच्याशी बोलणं होतं त्याच्याच नावाने मेल जाऊ द्या. आमच्याकडे "अकाउंट्स विभाग" नावाने गेलेल्या मेलला आली त्यापेक्षा खरेदीवाल्या माणसाच्या नावाने गेलेल्या मेलला उत्तरं डोळ्याला दिसेल इतकी जास्त आली.

खरी यादी लावायच्या आधी चार जणांना पाठवून बघा, त्यातला एक मोबाइलवर उघडणारा असावा आणि एक असा की ज्याला या प्रकाराची काहीच कल्पना नाही. त्याच्या मागे उभं राहून बघा तो कुठे थांबतो. सांगू नका काही, नुसतं बघा.

पायरी ५: उत्तरं आत घेणं

फॉर्मची उत्तरं शीटमध्ये येतात, तिथून दर तासाला किंवा दिवसातून दोनदा एक स्क्रिप्ट ती उचलून कच्च्या टेबलात टाकते. गुगल शीट असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये फॉर्म सबमिट झाला की चालणारा ट्रिगर असतो, मायक्रोसॉफ्टकडे पॉवर ऑटोमेटमध्ये तेच काम होतं. स्क्रिप्ट लिहिताना कॉलम नावाने शोधा, "चौथा कॉलम" असा धरू नका.

मेलने येणारी उत्तरं जास्त नखरे करतात, म्हणून इथे जरा थांबतो. वेगळा मेलबॉक्स घ्या, त्यात दुसरं काही येऊ देऊ नका. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मेल उघडायला "आयमॅपलिब" आणि मेल सोडवायला "ईमेल" अशी दोन्ही मॉड्यूल आधीपासूनच असतात, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो किंवा ओऑथ (पासवर्ड न देता परवानगीने लॉगिन करायची पद्धत). मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ऑनलाइनवर साधं पासवर्ड लॉगिन ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणलं, तिथे ओऑथच.

बहुतेक सगळे इथे एक चूक करतात, मी पण केली. स्क्रिप्टला सांगतात की "न वाचलेले मेल तेवढे घे". मग कोणीतरी उत्साहाने तो मेलबॉक्स मोबाइलवर उघडतं, आलेली चार उत्तरं वाचतं, खूश होतं, आणि ती चार उत्तरं वाचलेली म्हणून स्क्रिप्टला कायमची दिसेनाशी होतात. त्यापेक्षा फोल्डर वापरा. आलेला मेल इनबॉक्समध्ये, काम झालं की स्क्रिप्ट तो "झालेले" फोल्डरला हलवते, समजला नाही तर "अडकलेले" मध्ये. इनबॉक्समध्ये आहे म्हणजे बाकी आहे, मग तो कोणी वाचला असो नसो.

रिप्लायमध्ये खाली जुना मेल पण चिकटून येतो, म्हणजे "फोन:" ही ओळ दोनदा सापडते, एकदा भरलेली आणि एकदा तुमचीच रिकामी. साच्याच्या वर आणि खाली एकेक ठळक खुणेची ओळ द्या, "--- इथून भरा ---" आणि "--- इथे संपलं ---", आणि पहिली जोडी सापडेल तेवढीच वाचा. काही जण वरती मोकळं उत्तर लिहितात, साचा तसाच कोरा राहतो, असे मेल "अडकलेले" मध्ये टाकून माणसाने वाचायचे, त्यांना स्क्रिप्टने ओढूनताणून समजून घ्यायला जाऊ नका. सुट्टीवर असलेल्यांची आपोआप उत्तरं पण येतील, नीट बनवलेल्या ऑटो-रिप्लायच्या हेडरमध्ये "ऑटो-सबमिटेड" अशी नोंद असते, ती बघून बाजूला काढा. आणि तुमच्या बाजूने आपोआप "माहिती मिळाली, धन्यवाद" असं उत्तर जात असेल तर ते ऑटो-रिप्लायला जाऊ देऊ नका, नाहीतर दोन मशीन रात्रभर एकमेकांना धन्यवाद म्हणत बसतात आणि सकाळी मेलबॉक्स भरलेला असतो.

खूण मेलच्या विषयात पण टाका आणि साच्यात पण, रिप्लाय करताना लोक विषय सहसा बदलत नाहीत.

पायरी ६: तपासणी

मराठीत माहिती येणार असेल तर इथे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं, इंग्रजी धड्यांमध्ये याचा उल्लेख सापडत नाही. पहिलं म्हणजे आकडे. लोक फोन नंबर, रक्कम देवनागरी आकड्यात लिहितात आणि पायथन ते अंक म्हणून आनंदाने घेतं, तपासणी पास होते, पण तोच मजकूर एसक्यूलाइटला इंटिजरमध्ये बदलायला सांगितला तर उत्तर शून्य येतं. तेव्हा तपासायच्या आधीच ० ते ९ हे दहा आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे, दहा ओळींचं काम आहे.

दुसरं, तेच दिसणारे शब्द. "व्यापाऱ्यांचे" यातला तो ऱ्या दोन पद्धतीने टाइप होतो, एकात "ऱ" हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा एक जोडचिन्हाचा कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. डेटाबेसला दोन वेगळे शब्द. एकाच फर्मच्या दोन नोंदी तयार होतात आणि तुम्ही डोळे फाडून बघत राहता की नाव तर सेम आहे, मग शोधल्यावर सापडत का नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतीने साठवलेलं तेच अक्षर एकसारखं करणं) लावलं तरी हा फरक जात नाही, तो हाताने बदलायचा नियम लिहावा लागतो. नॉर्मलायझेशन पण लावाच, नुक्त्याच्या अक्षरांसाठी त्याची गरज पडते. मूळ मजकूर मात्र कच्च्या टेबलात तसाच राहू द्या, ही साफसफाई वेगळ्या कॉलममध्ये.

बाकी मग नेहमीचं. पुढचे-मागचे स्पेस काढा. फोनमधले डॅश, स्पेस, कंस काढा, देशाच्या कोडसकट आंतरराष्ट्रीय नंबर जास्तीत जास्त १५ अंकांचा असतो, त्याहून लांब असेल तर दोन नंबर एकत्र आलेत. मेल आयडी सगळा छोट्या लिपीत करून तुलना करा. खूण "पाठवलेले" टेबलात आहे का ते बघा, नसेल तर अडकलं. त्याच खुणेचं आधीचं उत्तर असेल तर नवीन धरायचं, पण जुनं पुसायचं नाही.

पायरी ७: मेन टेबलात भरणं

इथे नियम एकच, रिकाम्या उत्तराने भरलेली जागा पुसायची नाही. ज्या कॉलमला काहीतरी आलंय आणि ते आधीपेक्षा वेगळं आहे तेवढाच बदलायचा. प्रत्येक बदलाची नोंद एका "बदल" टेबलात करायची, कुठला सप्लायर, कुठला कॉलम, आधी काय होतं, आता काय, कुठल्या उत्तरावरून. हे चौथं टेबल मी नंतर जोडलं आणि आता त्याच्याशिवाय काम करायला धजत नाही, कोणी विचारलं "हा पत्ता कोणी बदलला" तर अर्ध्या मिनिटात उत्तर देता येतं.

एका सप्लायरचे सगळे बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी अर्धवट ओळ राहणार नाही. आणि आलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात जोडून कधीच चालवू नका, प्रश्नचिन्हाच्या जागा ठेवून त्यात भरायचा मजकूर वेगळा द्यायचा, पॅरामीटरवाली क्वेरी म्हणतात ती. नावात साधं एक अवतरण चिन्ह आलं तरी जोडलेलं वाक्य मोडतं, आणि वाईट हेतूने कोणी लिहिलं तर टेबल उडवता येतं. पुढे ही माहिती एक्सेलला काढणार असाल तर =, +, - किंवा @ ने सुरू होणारा मजकूर एक्सेल फॉर्म्युला समजतं, तेव्हा काढताना तो साधा मजकूर राहील असं बघा.

बँक अकाउंटचं मी वेगळंच ठेवतो. मेलवरून किंवा फॉर्मवरून आलेला नवीन अकाउंट नंबर मेन टेबलात आपोआप जाऊ द्यायचा नाही, कितीही घाई असली तरी. मेल कोणाच्या नावाने आला हे सहज खोटं करता येतं, समोरच्याचा मेलबॉक्सच कोणी हॅक केला असेल तर मेल खरा दिसतो, खूण पण बरोबर असते, आणि पैसे जातात भलत्याच अकाउंटला. आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, ओळखीच्या माणसाकडून खात्री करायची, कोणी फोन केला आणि कधी ते लिहायचं, मगच बदल. यात दोन दिवस जातात आणि अकाउंट्सवाले कुरकुरतात, तरी मी यावर कधी ऐकत नाही.

पायरी ८: ज्यांचं उत्तर आलं नाही ते

"पाठवलेले" आणि "आलेली उत्तरं" ही दोन टेबलं खुणेवर लेफ्ट जॉइन करा (म्हणजे पाठवलेल्या प्रत्येकासमोर त्याचं उत्तर लावून बघा), ज्यांच्या समोर काही सापडलं नाही ती तुमची यादी. आठवण फक्त त्यांनाच पाठवा. ज्याने पहिल्याच दिवशी सगळं नीट भरलंय त्याला "आपण अजून माहिती दिलेली नाही" असा मेल गेला की पुढच्या वेळी तो भरायचं मनावर घेत नाही. पहिली आठवण आठवड्याने, दुसरी मुदतीच्या दोन दिवस आधी, त्यानंतर मेल बंद आणि फोन. फोनवर मिळालेली माहिती पण कच्च्या टेबलातच टाका, "कुठून आलं" मध्ये फोन लिहून, थेट मेनमध्ये जाऊन बदलायचा मोह आवरा.

मुदत संपली की फॉर्म बंद करा, पण उघडणाऱ्याला कोणाला संपर्क करायचा ते तिथे दिसेल असं ठेवा. मेलबॉक्स अजून महिनाभर चालू राहू द्या, उशिरा येणारे असतातच. महिन्याने शीटमधली उत्तरं पुसून टाका, ती आता डेटाबेसात आहेत आणि लोकांचे फोन-पत्ते दोन ठिकाणी पडून राहायचं काही कारण नाही. पण पुसायच्या आधी बॅकअपची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, त्यातल्या पाच-सहा ओळी मूळ मेलशी ताडून बघा, जुळल्या की मग शीट पुसा.